कोरड्या नदीचा माणूस

मामांना पांढरा फळा दिसला की ते त्यावर आधी नदी काढत. मीटिंग कशाची आहे याच्याशी संबंध नसे. डाव्या बाजूला वर एक रेघ सुरू होई, ती उजवीकडे उतरता उतरता फुटे, फुटलेल्या रेघा पुन्हा फुटत, आणि थोड्याच वेळात फळाभर फांद्याच फांद्या. "ही कावेरी," ते म्हणत. "ही अरसलार. आणि या दोघींच्या मध्ये," इथे ते मार्कर टेकवून क्षणभर थांबत, "कुंभकोणम." मग निळा मार्कर ठेवून लाल उचलत आणि ठिपक्याजवळ एक चौकोन काढत. ते तळं. बारा वर्षांतून एकदा अख्खा देश त्या तळ्यात बुडी मारायला येतो, असं सांगून झालं की ते बाजूला होत आणि मीटिंगला सुरुवात करायची परवानगी देत. नदी पुसायची हिंमत कुणाची होत नसे. आम्ही उरलेल्या कोपऱ्यात आमचे बाण आणि चौकटी काढायचो.

आम्ही त्सुकुबात होतो. टोकियोहून येणारी नवी जलद रेल्वे सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. गाव आखून वसवलेलं, रुंद रस्ते, जिकडे तिकडे संशोधनाच्या इमारती आणि सायकली. पुण्याच्या ऑफिसातून आम्ही सहा जण आलो होतो, सगळे पंचविशीच्या आगेमागे. मामा सत्तावन्न वर्षांचे. त्यांना चेन्नईहून करारावर आणलं होतं, कारण जुन्या यंत्रांतून तारेवरून येणारे आकडे वाचणारा प्रोग्राम लिहिणारी माणसं आता मिळत नाहीत, असं आमच्या टीम लीडचं, निखिलचं म्हणणं होतं. जपानी लोक त्यांना आडनावाला सान लावून हाक मारत. आम्ही मामा म्हणायचो. ते नाव त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कारण त्यांच्या गल्लीत त्यांना सगळे तेच म्हणत, आणि गल्लीतलं नाव बदलण्याइतकं जपान काही मोठं नाही.

मी टेस्टर होते. माझं काम इतरांनी लिहिलेलं तपासायचं आणि शीटवर 'बरोबर' किंवा 'चूक' लिहायचं. बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी घरापुरतं आणि रिक्षापुरतं. पहिल्या दिवशी मी मामांशी इंग्रजीत बोलले. त्यांनी उत्तर दिलं ते मराठीत. पण असं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. जुन्या पत्रात असतात तसे प्रत्यय आणि मध्येच तमिळचा हेल. मला वाटलं, चेष्टा करताहेत. ती त्यांची घरची भाषा होती. तंजावरला मराठ्यांचं राज्य झालं तेव्हा त्यांचे पूर्वज तिकडे गेले, ते कावेरीकाठीच राहिले. त्यांचं बोलणं मला जसंच्या तसं लिहिता येणार नाही. इथे लिहिते आहे ते माझ्या मराठीत उतरवलेलं आहे, हे त्यांना चाललं नसतं.

"तुझं गाव कोणतं, राजा?" ते मुलगा-मुलगी न बघता सगळ्या लहानांना राजा म्हणत.

मी पुणे म्हटलं.

"हां. ते आमचं मागे राहिलेलं गाव," ते म्हणाले. जसं काही पुणे गाडीत चढायचं विसरलं होतं. मग त्यांनी विचारलं, नदी कोणती? मी मुठा सांगितली. कशी आहे? मी हसून म्हटलं, वास येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खुर्चीजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "नदीला वास येतो हे सांगताना काल तू हसलीस." एवढंच. मला राग आला होता, हेही खरं. माझं गाव, माझी नदी, यांना काय? पण त्यानंतर मी ते वाक्य हसून कधी बोलले नाही.

मामांना एका गोष्टीचं वाईट वाटे: त्सुकुबात विड्याचं पान मिळत नसे. कुंभकोणमची पानं कोवळी असतात, तोंडात विरघळतात, आणि ती कावेरीच्या गाळाशिवाय होत नाहीत, असा त्यांचा दावा होता. जपानी लोक कच्च्या माशाबरोबर शिसोची पानं देतात. मामा बाजारातून ती दहा दहा पानांची गड्डी आणत, डब्यातली सुपारी आणि बडीशेप त्यात गुंडाळत आणि जेवणानंतर पँट्रीत उभं राहून चावत. दर वेळी नव्याने आशा असायची. दर वेळी निकाल एकच: "पान आहे. पण शिकलेलं नाही."

त्यांच्या टेबलावर एक बोटभर उंचीचा पितळी रंगाचा नंदी असे. गावाजवळ मूर्ती ओतणारे कारागीर आहेत, त्यांच्यापैकी एकाने तो केलेला. नंदीच्या पोटाखाली त्या कारागिराच्या अंगठ्याची रेघ उमटलेली होती, ती बघायला मामा प्रत्येकाला भिंग देत. आधी मेणाचा नंदी करतात, त्यावर कावेरीच्या वळणावरचा गाळ लिंपतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. गाळ इतका बारीक की मेणावरची अंगठ्याची रेघसुद्धा धरून ठेवतो. "आमची नदी काही विसरत नाही," असं म्हणून ते भिंग परत घेत. गावाजवळच्या एका देवळाच्या दगडी पायऱ्यांवर टिचकी मारली तर वेगवेगळे सूर निघतात, हेही ते सांगत, आणि सूर गाऊनही दाखवत. त्यांचा आवाज चांगला नव्हता.

त्यांना क्लायंटच्या मीटिंगला नेत नसत, त्याचं कारणही हे गावच होतं. प्रकल्प सुरू झाला त्या दिवशी प्रत्येकाने एका मिनिटात स्वतःची ओळख करून द्यायची होती. मी नाव सांगितलं आणि वाकून बसले. बारा सेकंद लागले असतील. मामा उठले आणि त्यांनी प्रलयापासून सुरुवात केली. प्रलयात एक कुंभ तरंगत आला, तो फुटला, जिथे फुटला तिथे गाव झालं. मग चोळ राजे, मग मराठे, मग कापड विणणारे, मग कॉफी. दुभाषी मुलगी चोळ राजांपर्यंत टिकली. चाळीस मिनिटांनी मामा स्वतःच्या जन्मापर्यंत आले तेव्हा निखिलने त्यांची बाही ओढली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी क्लायंटसमोर यायचं नाही असं ठरलं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण दाखवलं नाही. मला म्हणाले, "एका मिनिटात सांगण्यासारखं गाव असतं तर सांगितलं असतं."

संध्याकाळी ते सायकलवरून साकुरा नदीवर जात. नदी छान होती. काठाला गवत, स्वच्छ पाणी, बगळे. मामा पुलाच्या कठड्यावर हात ठेवून तिच्याकडे नापसंतीने बघत. वर्षभर वाहते, हा त्यांचा आक्षेप होता. "ही कधी माहेरी जात नाही. मग हिची वाट कोण बघणार?" त्यांची कावेरी उन्हाळ्यात कोरडी पडे. पात्रात नुसती वाळू. मुलं तिच्यात क्रिकेट खेळत, लोक काकडीचे वाफे करत, पलीकडच्या गावाला जाणारी माणसं पुलाऐवजी पात्रातूनच चालत जात. आणि मग वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी येई. रविवारी ते बायकोला फोन करत. त्या गावीच राहिल्या होत्या. जून-जुलैत पहिला प्रश्न तब्येतीचा नसे. "पाणी कुठवर आलं?" असा असे. त्या उत्तर देत आणि फोन ठेवत. संसार इतका आटोपशीर मी दुसरा पाहिला नाही.

आमचा प्रकल्पही पाण्याचाच होता. भातशेतीला पाणी पुरवणाऱ्या एका लांबलचक कालव्यावर सेन्सर बसवले होते. ते पाण्याची उंची मोजत आणि आमचा प्रोग्राम त्यावरून दरवाजे उघडत, बंद करत, आणि गरज पडली की काठावरचे भोंगे वाजवत. कालवा त्सुकुबापासून दूर होता. आमच्यापैकी कुणीही तो पाहिला नव्हता. आम्हाला तो फक्त आकड्यांत माहीत होता.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. महिनाअखेर सगळं सोपवायचं होतं. माझ्या शीटवरच्या शेवटच्या ओळी उरल्या होत्या आणि मामा मागे उभे राहून शिसोचं पान चावत माझ्या स्क्रीनकडे बघत होते. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं: सेन्सरकडून शून्य आल्यास तो बिघडला असे समजून आधीची नोंद कायम धरावी. पुढे माझं 'बरोबर', आणि माझी सही.

"शून्य म्हणजे बिघाड का?"

मी म्हटलं, स्पेकमध्ये, क्लायंटने लिहून दिलेल्या नियमांत, तसं आहे. तार तुटली की शून्यच येतं.

"आणि पाणी नसलं की काय येतं?"

मी म्हटलं, शून्यच.

त्यांनी पान चावायचं थांबवलं, खुर्ची ओढली आणि मला भोंग्याची ओळ काढायला लावली. भोंगा केव्हा वाजणार? कालवा आधी कोरडा असेल आणि मग त्यात पाणी आलं, तर. भातशेतीचा कालवा हिवाळ्यात बंद ठेवतात. म्हणजे हिवाळाभर शून्य येणार. आमचा प्रोग्राम म्हणणार, सेन्सर बिघडला, आणि शरद ऋतूतला शेवटचा आकडा धरून बसणार. कालव्यात थोडं पाणी उरलं आहे असंच त्याला वाटत राहणार. वसंतात खरं पाणी सोडलं तरी त्याच्या लेखी कालवा कोरडा नव्हताच. भोंगा वाजणार नाही.

चाचणीसाठी क्लायंटने दिलेले आकडे जून ते ऑगस्टचे होते. त्यांत शून्य कुठेच नव्हतं. मी दोनशेच्या वर ओळी तपासल्या होत्या आणि हे मला दिसलं नव्हतं, कारण जे लिहिलं होतं त्याच्याशी सगळं जुळत होतं.

"मग वाळूत उभ्या असलेल्याला कोण सांगणार?" मामा म्हणाले. कालव्यात वाळू नव्हती, पण मला कळलं.

ते तडक निखिलकडे गेले. निखिल वाईट नव्हता. तो तीन आठवडे नीट झोपला नव्हता आणि स्पेकवर क्लायंटचे शिक्के होते. तो म्हणाला, "मामा, जपानमध्ये नद्या आटत नाहीत हो."

"नदी नाही, कालवा आहे. माणसाने दार लावलं की कालवा आटतो."

"मग त्यांना माहीत नसेल का? त्यांचा कालवा आहे."

"ज्यांनी कागद लिहिला ते कालव्यात उतरले नसतील."

निखिलने विषय संपवला. मामांनी त्याला तीन ईमेल लिहिले. तिन्हींची सुरुवात कावेरीपासून होती, त्यामुळे निखिल मुद्द्यापर्यंत पोचला नसावा. तिसऱ्यानंतर त्याने मला बोलावून घेतलं. मामांनी तुझ्या डोक्यात काही भरवलंय का, असं त्याने विचारलं, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाला की पुढच्या टप्प्याला कोण राहणार आणि कोण पुण्याला परत जाणार याची यादी याच महिन्यात ठरते आहे. शीट चुकीची निघाली तर पहिला प्रश्न सहीचा येतो. मी मान हलवली. मला राहायचं होतं. का ते मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि इथेही सांगत नाही.

त्या शुक्रवारी मामांनी पँट्रीत मला गाठलं. मला वाटलं, आता समजावणार. त्यांनी गावाचीच गोष्ट काढली. पाणी सोडलं की त्यांच्याकडे काठाकाठाने एक माणूस ढोल वाजवत, ओरडत पुढे चाले. त्याला ते तंडोरा म्हणत. आमच्याकडे दवंडी म्हणतात, असं मी म्हटलं. ते म्हणाले, हां, दवंडी. पहिलं पाणी घाबरवत नाही, ते चालत येतं, फेस आणि वाळकी पानं पुढे ढकलत. लोक त्याच्यावर फुलं टाकतात, कापूर लावतात, मुलं त्याच्यापुढे उलटी चालतात. पण त्याच्या मागचं पाणी पळत येतं. एक वर्षी ढोलवाला लग्नाला गेला होता. दुपारची वेळ. लोकांनी बघून घेतलं, बहुतेक सगळे वर आले. एक म्हातारी आपल्या काकड्या तोडून घ्यायला वाफ्यात परत गेली. पहिलं पाणी घोट्यापर्यंत होतं, तिला वाटलं वेळ आहे. तिची पाठ होती. मामा तेव्हा अकरा वर्षांचे, काठावर उभे.

"मी ओरडलो. आमचं पात्र किती रुंद आहे तुला फळ्यावरून कळणार नाही. माझा आवाज अर्ध्यातच पडला. ढोलाचा पोचला असता."

मी विचारलं, वाचली का?

"नाही."

त्यांनी शिसोचं पान उलगडलं, पुन्हा दुमडलं, खाल्लं नाही. मग म्हणाले, "मला मीटिंगला येऊ देणार नाहीत, आणि दिलं तरी मी प्रलयापासून सुरुवात करीन, मला माहीत आहे. सही तुझी आहे, राजा. ती मागे घ्यायला तुलाच उभं राहता येईल."

शेवटचा रिव्ह्यू पुढच्या बुधवारी होता. क्लायंटकडून मोरी-सान यायचे. पन्नाशीचे, टोकियोच्या मुख्य ऑफिसातले, कमी बोलणारे. काही पटलं नाही की दातांतून हवा आत ओढत. त्या आवाजाला आमची अख्खी टीम घाबरायची. मी शनिवार-रविवार घरात बसून जपानीत चार वाक्यं तयार केली. मला जपानी बऱ्यापैकी येत होतं, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. न बोलणाऱ्या माणसाला ऐकायला भरपूर वेळ मिळतो.

बुधवारी निखिलने एकेक पान दाखवत नेलं. टेस्टिंगचं पान आलं. 'सर्व बरोबर' असं त्यावर लिहिलं होतं, खाली माझं नाव. मोरी-सानांनी मान हलवली आणि पान उलटायला हात पुढे केला. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मला अजून आठवतो.

मी म्हटलं, "या पानावर माझी सही आहे. शून्याच्या ओळीवर ती चुकीची आहे."

निखिल माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

मोरी-सानांनी विचारलं, प्रोग्राम स्पेकपेक्षा वेगळा वागतो का? मी म्हटलं, नाही, अगदी स्पेकसारखा वागतो. मग चूक कुठे आहे? त्यांनी हवा आत ओढली. माझी तयार केलेली चार वाक्यं तिथे संपली. पाचवं माझ्याकडे नव्हतं. तेव्हा मी फक्त प्रश्न विचारला.

"कालवा आत्ता कोरडा आहे का?"

या वेळी मोरी-सानांनी हवा आत ओढली नाही. हा गप्पपणा वेगळा होता, हे मला कळलं. गप्प राहण्याचे प्रकार मला ओळखता येतात. त्यांना माहीत नव्हतं. टोकियोत बसून दोन वर्षं त्यांनी त्या कालव्याचे कागद केले होते आणि मार्च महिन्यात त्यात काय असतं ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणी वेळ मारून नेली असती. त्यांनी टेबलावरचा फोन ओढला, स्पीकर लावला आणि कालव्यावरच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या मुलीने आणखी एक नंबर दिला. तो एका म्हाताऱ्या माणसाच्या मोबाइलचा होता. मागून फावड्यांचा खरखराट येत होता.

मोरी-सानांनी अदबीने विचारलं की कालव्यात सध्या पाणी आहे का.

"नाही हो," म्हातारा म्हणाला. "आम्ही आतच आहोत ना. गाळ काढतोय."

"आत? किती जण?"

त्याने मोजलं असावं. "तेवीस. आणि दोन कुत्री."

मग तो आपणहोऊन बोलत राहिला. दर वसंतात गावकरी असेच उतरतात. पाणी सोडायच्या दिवशीही कुणी ना कुणी आत असतंच, विसरलेली फावडी घ्यायला, मुलं बेडकं बघायला. म्हणून तो स्वतः छोटा ट्रक काढायचा आणि कर्णा लावून काठाने ओरडत जायचा. बावीस वर्षं. या वर्षीपासून यायची गरज नाही असं कळवलंय, तुमचे भोंगे आहेत म्हणून. आवाज चांगला मोठा आहे ना भोंग्यांचा?

मोरी-सानांनी माझ्या सहीचं पान पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाले, "तुम्ही या वर्षीही ट्रक काढा. माझी विनंती आहे." आणि समोर माणूस नसताना, फोनसमोर, ते वाकले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मामा पेयांच्या यंत्रापुढे उभे होते. तिथे पाऊण तास ते कॉफीचा डबा निवडत होते, असं नंतर कळलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं नाही. म्हातारा किती वर्षांचा, ट्रक कसला, कर्णा हाताने धरतो की टपावर लावतो, हे सगळं विचारलं. माझ्याकडे उत्तरं नव्हती. "विचारायला हवं होतंस," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.

दुरुस्ती चार दिवसांत झाली. तार जिवंत आहे याची खूण सेन्सर वेगळी पाठवतोच; ती असताना शून्य आलं तर ते खरं शून्य, कालवा कोरडा. मामांनी वाचण्याचा भाग बदलला, निखिलने बाकीचा. काम करताना निखिल एकदा म्हणाला, "मामा, तुमचे ईमेल मी शेवटपर्यंत वाचायला हवे होते." मामा म्हणाले की पहिले दोन नाही वाचलेस तरी चालेल, तिसरा मात्र वाच, त्यात तळ्याचा इतिहास नीट आला आहे.

पण शिक्के मारलेल्या स्पेकमध्ये बदल करायचा तर त्याचा कागद भरावा लागे. काय बदललं, कुणी शोधलं, आणि आधार काय. आधाराच्या रकान्यात दस्तऐवजाचं नाव लिहायचं असतं: कुठल्या नियमात, कुठल्या अहवालात आहे म्हणून हा बदल. मोरी-सान तो कागद घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले. फोनवरचं संभाषण दस्तऐवज होत नाही, असं ते म्हणाले. रकाना रिकामा ठेवता येत नाही. हे तुम्हाला कशावरून सुचलं?

मी म्हटलं, मला सुचलं नाही. आमच्या एका सहकाऱ्याचं गाव आहे, तिथे नदी कोरडी पडते.

त्यांना सहकारी आठवला. माझ्या मते त्याला कुणीच विसरलं नव्हतं. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "तेच लिहा."

मी जपानीत हळूहळू लिहिलं: कुंभकोणम, कावेरीकाठ, दक्षिण भारत. येथे नदी कोरडी पडते आणि माणसे तिच्या पात्रात उतरतात. दोन ओळी. दुसऱ्याच्या गावाचं नाव लिहिताना माझी मान ताठ झालेली माझ्या लक्षात आली. मोरी-सानांनी गावाचं नाव एकेक अक्षर सोडवत वाचलं, खिशातून आपला शिक्का काढला आणि लाल शाईत त्या ओळींच्या शेजारी मारला. त्यांच्यावरच्या तीन साहेबांनीही मारला. कुणी आधाराबद्दल शंका काढली नाही.

एप्रिलच्या शेवटी पाणी सोडलं. भोंगे वाजले, असं मोरी-सानांनी एका ओळीत कळवलं. दुसऱ्या ओळीत, ट्रकही निघाला. मी पुढच्या टप्प्यात राहिले. मामांचा करार मेमध्ये संपला, आणि पाणी यायच्या आधी गावी पोचायचं म्हणून त्यांनी तो वाढवून घेतला नाही.

आधाराच्या रकान्याचं मी त्यांना शेवटच्या दिवशी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. मी चावी आणली, कागदपत्रांचं लोखंडी कपाट उघडलं आणि ती फाइल त्यांच्या हातात दिली. बाहेर नेता येत नव्हती, झेरॉक्सलाही परवानगी नव्हती. मामांना जपानी वाचता येत नव्हतं, म्हणून मी कुठली अक्षरं म्हणजे कुंभकोणम आणि कुठली म्हणजे कावेरी ते बोटाने दाखवलं. त्यांनी फाइल चष्म्याजवळ नेली. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना त्या गावाबद्दल काही सांगायचं नव्हतं. निखिल त्यांची टॅक्सी आली म्हणून दोनदा हाक मारून गेला. मामा ती दोन नावं पुन्हा पुन्हा वाचत उभे राहिले, आणि कपाटाचं दार आपोआप मिटत असे म्हणून मी ते हाताने उघडं धरून ठेवलं.